घड्याळाचा मुका गजर: फक्त मनगटाला कळेल असा कसा लावायचा?

पहाटफेरी (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी. माझी कामाची पाळी बदलती असते. पहाटेची असली की साडेचारला उठावं लागतं. त्याच खोलीत दहा महिन्यांचं बाळ असतं आणि नवरा रात्री उशिरा आडवा झालेला असतो. फोनचा गजर कितीही बारीक ठेवला तरी बाळ दचकतं, आणि एकदा उठलं की त्याला पुन्हा झोपवेपर्यंत माझी निघायची वेळ होते. आवाज न करता मनगटावर थरथरून उठवणारं घड्याळ मला हवं होतं ते एवढ्याचसाठी. पावलं मोजणं वगैरे माझ्या दृष्टीने वरकड.

आता अडचणी सांगते. गजर घड्याळावर येतो, पण बऱ्याचदा सोबत फोनही वाजतो. दोघांपैकी फोनला गप्प कसं करायचं? दुसरं म्हणजे, सुरुवातीला कंपन इतकं स्पष्ट जाणवायचं की लगेच डोळे उघडायचे. हल्ली झोपेत ते कळतच नाही आणि गजर आपला आपण थांबतो. माझी झोप जड झाली की मोटर मंदावली? आणि रात्रभर घड्याळ हातावर ठेवायचं तर तुम्ही सगळे चार्जिंग करता कधी?

माझं घड्याळ कोणत्या कंपनीचं ते मुद्दाम लिहीत नाही. इथे तऱ्हतऱ्हेची घड्याळं वापरणारे आहेत, तेव्हा ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा. नंतर शोधत येणाऱ्यालाही उपयोग होईल.

तारायंत्र:
पहिल्या अडचणीचं मूळ एकाच प्रश्नात आहे. गजर नेमका राहतो कुठे? बाहेरून सगळे सारखेच दिसतात, पण प्रकार तीन आहेत.

काही गजर घड्याळाच्या स्वतःच्या अलार्म ॲपमध्ये लावलेले असतात. ते घड्याळाच्या आतल्या वेळेवर चालतात, फोनशी त्यांचा काही संबंध नाही. काही गजर फोनवरच्या ॲपमधून लावायचे असतात, पण सिंक झाले, म्हणजे फोन आणि घड्याळाची माहिती जुळवली गेली, की ते घड्याळात किंवा बँडमध्ये जाऊन बसतात. छोट्या पडद्याचे बहुतेक फिटनेस बँड असेच चालतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे फोनच्या घड्याळ ॲपमधला गजर. त्यात मनगटावरचं घड्याळ फक्त निरोप्याचं काम करतं. फोन वाजणारच, वर घड्याळही थरथरणार, आणि ब्लूटूथ तुटलं तर घड्याळाला पत्ताही लागणार नाही. तुमच्याकडे दोन्ही एकदम वाजतात याचा अर्थ गजर फोनमध्ये लावलेला आहे.

तुमचा कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायला दिवसाढवळ्या एक चाचणी करा. गजर तीन-चार मिनिटांनंतरचा लावा, सिंक होऊ द्या, मग फोन पूर्ण बंद करा. नुसता सायलेंट नाही, बंद. घड्याळ हातात घालून बसा. कंपन आलं तर गजर घड्याळात आहे, पहाटे त्याच्यावर विसंबता येईल. नाही आलं तर तो फोनचा गजर, मनगटावर त्याची फक्त सावली पडत होती. सेटिंगची पानं उलटत बसण्यापेक्षा हे झटपट कळतं, आणि घड्याळ कुठलंही असो, चाचणी तीच.

अर्धचंद्र:
ॲपल वॉचचं मी सांगतो.

घड्याळावरचंच अलार्म ॲप उघडायचं, वेळ टाकायची, रोजचा असेल तर रिपीटमध्ये वार निवडायचे. मग कंट्रोल सेंटरमध्ये घंटीच्या चिन्हावर टिचकी मारून सायलेंट मोड चालू करायचा. आता गजर झाला की आवाज नाही, मनगटावर फक्त ठोके. घड्याळावर लावलेला गजर आयफोनवर वाजत नाही, त्यामुळे पहाटफेरी, तुमचा फोनचा प्रश्न तिथेच मिटतो.

उलट बाजूने मात्र तसं नाही. आयफोनवर लावलेला गजर घड्याळावरही येतो. फोनवरच्या वॉच ॲपमध्ये, क्लॉकच्या सेटिंगमध्ये ‘पुश अलर्ट्स फ्रॉम आयफोन’ आहे, ते बंद केलं की थांबतो. आणि आयफोन सायलेंटवर टाकल्याने क्लॉक ॲपचा गजर गप्प होत नाही. अनेकांची समजूत उलटी असते, म्हणून लिहिलं.

कंपन कमी वाटत असेल तर सेटिंग्ज, मग साउंड्स अँड हॅप्टिक्स, आणि तिथे ‘प्रॉमिनंट’ निवडा. त्यात मूळ ठोक्याच्या आधी आणखी एक ठळक ठोका येतो. डू नॉट डिस्टर्बमुळे गजर अडत नाही, तेव्हा रात्री ते खुशाल चालू ठेवा.

निशिगंध:
अर्धचंद्र, एक पुरवणी. सायलेंट मोड चालू असला तरी ॲपल वॉच चार्जरवर असेल तर गजर आवाज करूनच होतो. कंपनीने ते जाणूनबुजून तसं ठेवलं आहे, कारण हातावर नसलेल्या घड्याळाने थरथरून कोणाला उठवायचं? पण ज्यांच्या खोलीत बाळ आहे त्यांना हे ठाऊक हवंच. रात्री चार्जिंगला लावून झोपलात आणि गजर चालूच राहिला, तर शांततेत मोठ्याने वाजेल.

नवीन वॉचओएसमध्ये, म्हणजे ॲपल वॉचच्या प्रणालीत, प्रत्येक गजराच्या तपशिलात ‘ब्रेक थ्रू सायलेंट मोड’ असाही पर्याय आला आहे. तो चालू असेल तर सायलेंटमध्येही आवाज येतो. गजर लावताना तो बंद आहे ना, हे एकदा पाहा.

अर्धचंद्र:
निशिगंध, अगदी बरोबर. चार्जरचा मुद्दा यायलाच हवा होता.

सह्यकडा:
सॅमसंगच्या घड्याळांत आणि वेअर ओएस या गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या बाकी घड्याळांतही कल्पना तीच. घड्याळाच्या अलार्म ॲपमध्ये गजर लावा आणि आवाज बंद करून फक्त कंपन ठेवा. सेटिंग्जमध्ये आवाज आणि कंपन असा विभाग असतो. कंपन जोरदार करायची आणि जास्त वेळ चालू ठेवायची सोय असेल ती तिथेच सापडेल. गार्मिनच्या घड्याळांत प्रत्येक गजराला आवाज, कंपन की दोन्ही असं वेगवेगळं ठरवता येतं. त्यामुळे पहाटेचा मुका आणि दुपारचा वाजणारा असे दोन्ही एकाच वेळी ठेवता येतात. मला ही सोय फार आवडते.

अँड्रॉइड फोनबद्दल एक. तिथे गजराच्या आवाजाची पट्टी रिंगटोनच्या पट्टीपेक्षा वेगळी असते. फोन सायलेंट केला म्हणून गजर सायलेंट झाला असं धरून चालू नका.

जुनेजाणते:
विषयाला थोडं सोडून, पण सांगावंसं वाटतं. मनगटावरचा गजर ही कल्पना बरीच जुनी. व्हल्केन कंपनीने १९४७ मध्ये क्रिकेट नावाचं किल्लीचं गजराचं मनगटी घड्याळ आणलं. त्या काळात एवढ्याशा डबीतून ऐकू जाईल असा आवाज काढणं हीच मोठी करामत होती. खालच्या झाकणाला भोकं ठेवून आवाज बाहेर काढला होता. पुढची कित्येक दशकं घड्याळवाल्यांचा सगळा जोर गजर जास्त मोठा करण्यावर राहिला. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आलेल्या पेबल स्मार्टवॉचमध्ये कंपन होतं, २०१३ च्या फिटबिट फ्लेक्स बँडमध्ये आणि २०१४ च्या शाओमीच्या पहिल्या ‘मी बँड’मध्ये तर गजर मुकाच होता. ‘मी बँड’ला पडदाही नव्हता, तीन दिवे आणि एक मोटर. गजर गुपचूप व्हावा अशी ओढ लोकांना किती होती, हे तेव्हा दिसलं.

फिरकी_मोटर:
दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो. अशा छोट्या मोटरींवर काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर.

घड्याळात कंपनासाठी मुख्यतः दोन तऱ्हांच्या मोटरी असतात. एक फिरणारी. तिच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेलं वजन असतं, ते गरगर फिरलं की सगळं घड्याळ हादरतं. स्वस्त बँडमध्ये बहुतेक हीच. वेग वाढला तरच तिचा जोर वाढतो, आणि वेग पकडायला व थांबायला तिला थोडा वेळ लागतो. त्यामुळे तिची थरथर ‘घुर्रर्र’ अशी, कडा नसलेली वाटते. दुसरी सरळ रेषेत मागेपुढे होणारी. स्प्रिंगवर बसवलेलं वजन विजेच्या उलटसुलट प्रवाहाने ठरावीक कंप्रतेला हलवतात, साधारण १५० ते २५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या हेलकाव्यांच्या, आसपास. ती पटकन सुरू होते, पटकन थांबते, म्हणून तिच्याने ‘टक, टक’ असे नेमके ठोके देता येतात. ॲपलच्या टॅप्टिक इंजिनचं तत्त्व हेच.

ही कंप्रता उगाच निवडलेली नाही. कातडीच्या खोल थरात कंपन टिपणारी बारीक इंद्रियं असतात. फिलिप्पो पाचिनी या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना पाचिनी कणिका म्हणतात. २०० ते ३०० हर्ट्झच्या टप्प्यात त्या सर्वांत तल्लख. पण त्यांचा स्वभाव असा की त्या बदलाला प्रतिसाद देतात, एकसुरी गोष्टीला नाही. दाब पडला की टिपतात, सुटला की टिपतात, मधल्या स्थिर दाबाला लगेच गप्प होतात. कंपन त्यांना कळत राहतं, पण तेही एकसारखं लांबलं की त्याची जाणीव हळूहळू बोथट होते. त्यामुळे लांबलचक कंपनापेक्षा तुटक, अनियमित ठोके जास्त जागे करतात. तुमच्या घड्याळात कंपनाचे नमुने असतील तर सर्वांत तुटक तो निवडा. काही बँडच्या ॲपमध्ये पडद्यावर बोटाने ताल धरून स्वतःचा नमुनाही बनवता येतो. दोन छोटे, थोडं थांबून एक लांब, असा काहीतरी करून पाहा.

पण तुमच्या बाबतीत मला वेगळीच शंका आहे. दिवसभर त्याच मनगटावर निरोप, ईमेल, ‘उठून चाला’ अशा सूचना येतात का? त्याच कंपनाने? तसं असेल तर मोटर मंदावलेली नाही. ही थरथर महत्त्वाची नसते असं तुमच्या मेंदूने दिवसभरात शिकून घेतलं आहे, आणि पहाटेही तो तेच धरून बसतो. घड्याळाच्या कंपनाचा मान राखायचा असेल तर ते दुर्मीळ ठेवावं लागतं. फोन कॉल आणि गजर एवढंच मनगटावर येऊ द्या, बाकी सगळं बंद करा.

पहाटफेरी:
फिरकी_मोटर, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. कामाच्या ग्रूपचे सगळे निरोप मनगटावर येतात, दिवसभर थरथर चालूच असते. आज रात्री सगळं बंद करते.

स्पर्शरेषा:
मला लहानपणापासून जवळजवळ ऐकू येत नाही. तुम्ही ज्याला मुका गजर म्हणताय तो माझ्यासाठी एकमेव गजर आहे, म्हणून थोडं तळमळीने लिहिते.

आधी घड्याळ कसं बसतं ते बघा. दिवसा सैल पट्टा चालतो, झोपताना नाही. घड्याळाची मागची बाजू कातडीला पूर्ण टेकलेली हवी. हात हलवला की घड्याळ सरकत असेल तर अर्धं कंपन हवेत जातं. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं, त्याच्या जरा मागे, कोपराच्या दिशेला घड्याळ घ्या. नेमकं हाडावर बसलं तर ते डुगडुगतं आणि टेकतच नाही. मी तर काही रात्री पडदा आतल्या बाजूला फिरवते. आतली कातडी पातळ असते, तिथे मला कंपन जास्त जाणवतं. प्रत्येकाचं वेगळं असू शकेल, दोन्ही करून बघा. हात उशीखाली किंवा अंगाखाली दाबून झोपायची सवय असेल तर दुसऱ्या मनगटावर घाला. दबून बधिर झालेल्या हाताला काही कळत नाही.

दुसरं, आमच्यातले कितीतरी लोक स्मार्टवॉच यायच्या आधीपासून उशीखाली किंवा गादीखाली ठेवायचं कंपनयंत्र वापरत आले आहेत. त्याचा जोर घड्याळाच्या कितीतरी पट असतो, कारण त्याची मोटर मोठी असते आणि बॅटरी वाचवायची काळजी नसते. ज्या दिवशी उठणं चुकवून चालणारच नाही, परीक्षा, प्रवास, शस्त्रक्रियेसाठी कोणाला न्यायचं असेल, त्या दिवशी मी दोन्ही लावते. मनगट एक, गादी एक. गादी हलली की शेजारच्यालाही थोडं कळतं, पण उशीखाली ठेवलं तर फार नाही.

आणि एक कळकळीची विनंती. आग लागल्याचा इशारा घड्याळावर येईल, आपण उठू, असं गृहीत धरून कोणीही झोपू नका. ऐकायला कमी येणाऱ्यांना आणि गाढ झोपणाऱ्यांना उठवण्यावर अभ्यास झाले आहेत. नेहमीच्या धूरसूचकाच्या ३१०० हर्ट्झच्या आसपासच्या किरट्या आवाजापेक्षा ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज कितीतरी जास्त लोकांना उठवतो, असं त्यातून दिसलं. ज्यांना तोही ऐकू येत नाही त्यांच्यासाठी धूरसूचकाला जोडलेलं गादीचं कंपनयंत्र असतं. घरात कमी ऐकणारं माणूस असेल तर ते बसवा. मनगटावरचं घड्याळ कामाला उठायला ठीक आहे, जीव वाचवायला पुरेसं नाही.

सह्यकडा:
स्पर्शरेषा, फार मोलाचा प्रतिसाद. हाडाच्या मागे घड्याळ घेण्याची गोष्ट मी आत्ताच करून पाहिली, फरक खरंच आहे.

स्पर्शरेषा:
छान. आणखी एक राहिलं होतं. ॲपल वॉचमध्ये ‘टॅप्टिक टाइम’ म्हणून सोय आहे. घड्याळ किती वाजले ते मनगटावर ठोक्यांनी सांगतं, हवं असेल तर मोर्स या टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीतही. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही त्यांना तिचा मोठा आधार. मला दिसतं, तरीही अंधारात पडदा न उजळता वेळ कळते म्हणून मी ती वापरते. पहाटफेरी, तुमच्या बाळाच्या डोळ्यांवर पडद्याचा उजेडही पडणार नाही. उजेडाचंच कारण असेल तर थिएटर मोडही आहे. त्यात घड्याळ आपोआप मुकं होतं आणि टिचकी मारल्याशिवाय पडदा उजळत नाही.

शुश्रूषा:
मी हा गजर उठण्यासाठी वापरत नाही. औषधांसाठी वापरते. घरात एका ज्येष्ठांना पार्किन्सन्स आहे. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा काटेकोर पाळाव्या लागतात, उशीर झाला की हालचाल अडकायला लागते. त्यांना चारचौघांत फोन वाजलेला अजिबात खपत नसे. ‘आता गोळी घ्या’ हे सगळ्यांना ऐकू जायचं आणि ते संकोचायचे. मनगटावर गजर लावून दिल्यापासून गोळी कधी घेतली ते शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. या एका गोष्टीने त्यांचं लोकांत मिसळणं परत सुरू झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ज्यांना असं करायचं असेल त्यांच्यासाठी: प्रत्येक गजराला नाव द्या. नुसतं ‘गजर’ नको, ‘दुपारची, अर्धी गोळी’ असं. पडद्यावर ते नाव दिसलं की आठवायला लागत नाही. गजरांच्या संख्येची मर्यादा आधी बघा. फिटबिटमध्ये ८ गजर लावता येतात, दिवसाच्या वेळा जास्त असतील तर हिशोब करावा लागतो. गजर स्नूझवर टाकायची सोय या कामात धोक्याची, जिथे बंद करता येते तिथे बंदच करा. थरथर थांबवली आणि गोळी राहिली, असं सहज होतं. आमच्याकडे नियम आहे, गोळी तोंडात गेल्यावरच गजर बंद करायचा.

आणि चालताना किंवा गाडीवर असताना कंपन कळत नाही. गाडीचीच थरथर त्याला गिळून टाकते. त्या वेळेत एखादी मात्रा येत असेल तर निघायच्या आधीच त्याची सोय लावा, मनगटावर भरवसा नको.

स्वप्नवाट:
इथे अजून कोणी ‘स्मार्ट वेक’चा विषय काढला नाही. बऱ्याच घड्याळांत ही सोय असते. तुम्ही ५ वाजताचा गजर लावलात तर घड्याळ आधीच्या अर्ध्या तासात तुमची झोप हलकी कधी आहे ते बघतं आणि त्या क्षणी उठवतं. हलकी झोप सापडलीच नाही तर ठरल्या वेळी उठवतंच. गाढ झोपेतून खेचून उठवल्यावर डोकं जड राहतं, काही सुचत नाही, ते टळावं हा हेतू. मुक्या गजराशी याचं चांगलं जमतं, कारण झोप हलकी असताना थोडं कंपनही पुरतं.

तारायंत्र:
स्वप्नवाट, माझा थोडा विरोध. झोपेच्या अवस्था प्रयोगशाळेत डोक्याला इलेक्ट्रोड लावून, मेंदूच्या लहरींवरून ठरवतात. घड्याळ हाताची हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतं. तो अंदाज रात्रभराच्या सरासरीसाठी ठीक, पण नेमका ‘आत्ता’ उठवायच्या निर्णयासाठी मला तो कच्चा वाटतो. शिवाय सर्वांत गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात असते. सात-आठ तास झोपून उठणारा माणूस पहाटे तशीही बऱ्यापैकी हलक्या झोपेत असतो. त्याला याचा फायदा कितीसा?

स्वप्नवाट:
पूर्ण झोप घेणाऱ्याला कमी, हे मान्य. पण पाळीवाल्यांचं तसं नाही. पहाटफेरींसारखं कोणी उशिरा झोपून साडेचारला उठत असेल तर गजराच्या वेळी गाढ झोपेत असण्याची शक्यता जास्त. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं आणि अपुऱ्या झोपेत गाढ झोपेचा वाटा शरीर आधी वसूल करतं. गाढ झोपेत जागं व्हायला जास्त जोराचा धक्का लागतो. ‘हल्ली कंपन कळत नाही’ हे त्यामुळेही असेल. मोटर तीच, झोप कमी पडतेय.

तारायंत्र:
हे पटलं. पण मग उलटा प्रश्न उभा राहतो. आधीच झोप कमी, त्यात घड्याळाने चारलाच उठवलं तर अर्धा तास आणखी गेला. माझं मत, पाळीवाल्यांनी स्मार्ट वेक चालू ठेवायचंच असेल तर गजराआधीची ही मुदत शक्य तेवढी छोटी ठेवावी, दहा मिनिटांची जमली तर उत्तम. नाहीतर सरळ ठरल्या वेळेचा गजर लावून तो अर्धा तास झोपेला द्यावा.

पहाटफेरी:
दोघांचंही वाचलं. मी स्मार्ट वेक बंद ठेवते आहे. एक-एक मिनिट झोप मला हवी आहे.

इथल्या सल्ल्यांप्रमाणे काय बदललं ते सांगते. तारायंत्रांची फोन बंद करून करायची चाचणी केली. फोनमधला गजर काढून टाकला, घड्याळाच्या ॲपमध्ये लावला, फोन बंद असताना तो वेळेवर आला. निरोपांचं कंपन बंद केलं. पट्टा झोपताना एक भोक आत घेते आणि घड्याळ हाडाच्या मागे. पाळीच्या पहिल्याच पहाटे कंपन स्पष्ट कळलं आणि बाळ हललंसुद्धा नाही. तरी एक आधार ठेवला आहे. फोन बाहेरच्या खोलीत, दार लावून, पाच मिनिटं उशिराचा गजर लावून ठेवते. उठले की आधी जाऊन तो बंद करते.

चार्जिंगचं मात्र कोणी लिहिलं नाही.

निशिगंध:
रात्रीच्या ऐवजी दिवसाची एखादी बांधील वेळ चार्जिंगला द्या. आंघोळ आणि तयारी एवढ्या वेळात बहुतेक घड्याळं रात्रीपुरती भरतात. झोपायच्या आधी टक्केवारीवर नजर टाका. ३० टक्क्यांच्या खाली असेल तर अंथरुणाला पाठ टेकायच्या आधी थोडं चार्ज करा. आणि रात्री हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन यांची सतत मोजणी नको असेल तर बंद करा, पडदा सतत चालू ठेवायची सोयही बंद करा. एकट्या गजराला फारच थोडी बॅटरी लागते. खाणारे बाकीचे असतात. पडदा नसलेल्या किंवा छोट्या पडद्याच्या बँडना हा प्रश्न कमी, त्यांची बॅटरी बरेच दिवस चालते. नुसत्या गजरासाठीच घ्यायचं असेल तर मी तसाच साधा बँड सुचवेन.

घड्याळ पूर्ण संपून बंद झालं तर गजर होणार नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा.

मधली_सुट्टी:
+१. वाचनखूण साठवली. एक शंका आहे. रोज रात्री पट्टा घट्ट केल्याने मनगटावर वळ उठतात आणि खाज येते. काय करावं?

स्पर्शरेषा:
इतका घट्ट नको. पट्ट्याखाली करंगळी जेमतेम सरकली पाहिजे. वळ बहुधा घाम आणि साबण अडकल्याने येतात. झोपायच्या आधी घड्याळाची मागची बाजू आणि मनगट धुऊन कोरडं करा. रबरी पट्ट्याऐवजी कापडी विणीचा, ओढून चिकटवायचा पट्टा घ्या. तो भोकांवर अवलंबून नसतो, त्यामुळे हवा तितकाच आवळता येतो. एका रात्री डावा हात, दुसऱ्या रात्री उजवा, असंही करा. तरी पुरळ राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, पट्ट्याची ॲलर्जी असू शकते.

प्रवासी_पाखरू:
माझा प्रश्न थोडा वेगळा. कामानिमित्त मला वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये जावं लागतं. बँडमधला गजर तिथे कोणत्या वेळेने होईल?

तारायंत्र:
बँडच्या आतल्या घड्याळाला स्वतःला जागा कळत नाही, ते फोनकडून वेळ घेतं. उतरल्यावर फोनने नवी वेळ घेतली आणि बँड फोनशी सिंक झाला, की सकाळी ६ चा गजर तिथल्या ६ ला होईल. सिंक झालं नाही तर तो निघालेल्या ठिकाणच्या ६ लाच होईल, म्हणजे कदाचित भर मध्यरात्री. ब्लूटूथ चालू करून ॲप एकदा उघडा, बँडवरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळली का ते पाहा आणि मगच झोपा. विमानात डुलकी घ्यायची असेल तर वेळेचा गजर लावूच नका, त्याऐवजी टायमर लावा. दोन तास म्हणजे दोन तास, टाइमझोन कितीही बदलू देत.

प्रवासी_पाखरू:
टायमरचं सुचलंच नव्हतं. पुढच्या फेरीत तसंच करतो.